मोफत एन्क्रिप्शन: फुकट मिळतं म्हणून कच्चं नसतं

शाळेत असताना ‘च’ची भाषा बोलला नाही असा मराठी माणूस विरळा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. ‘मी घरी जातो’चं होतं ‘चमी चरीघ चतोजा’. दोन मैत्रिणी भराभर त्या भाषेत बोलू लागल्या की शेजारी बसलेल्या धाकट्या भावाची पंचाईत होते. पण त्याला एकदा रीत कळली की पुढे आयुष्यभर तो सगळं ऐकू शकतो. या भाषेचं सारं गुपित तिच्या रीतीत आहे. रीत फुटली की खेळ संपला.

एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येऊ नये असा मजकूर बंद करणं. तुमच्या फोनमधलं आणि बँकेच्या अ‍ॅपमधलं एन्क्रिप्शन ‘च’च्या भाषेच्या बरोबर उलट चालतं. त्याची रीत जगजाहीर असते. अभ्यासक्रमात शिकवतात, कुणीही वाचावी. गुप्त असते ती फक्त एक भलीमोठी संख्या, जिला किल्ली म्हणतात. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑगस्त केरकॉफ या मूळच्या डच प्राध्यापकाने लष्करी गुप्तलेखनावर १८८३ साली लिहिताना हा नियम मांडला होता: सगळी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडता कामा नये, किल्ली तेवढी आपल्याकडे राहिली म्हणजे झालं.

आपण एरवी ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे. पण सुरक्षेची गोष्ट निघाली की लगेच शंका येते: मोफत देतात म्हणजे काहीतरी गोम असणार. इंटरनेटवरची आपली वाट लपवून देणाऱ्या फुकटच्या व्हीपीएनबद्दल किंवा टॉर्च लावायला तुमचे कॉन्टॅक्ट्स मागणाऱ्या अ‍ॅपबद्दल ही शंका अगदी रास्त आहे. एन्क्रिप्शनच्या बाबतीत मात्र किमतीवरून काहीच कळत नाही, कारण आतलं गणित सगळ्यांचं एकच असतं. आज सर्वत्र वापरली जाणारी एईएस ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने खुली स्पर्धा घेऊन निवडली. १५ प्रवेशिका आल्या, जगभरच्या गणितज्ञांना त्या फोडून दाखवायचं आवाहन केलं गेलं, आणि शेवटी योआन दामेन व विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ साली मानक ठरली. तिच्यासाठी कुणाला एक पैसाही द्यावा लागत नाही. बँका जी वापरतात तीच ७-झिप या फाइली आवळून बांधणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेली आहे.

ती किती पक्की, याचा अंदाज किल्लीच्या लांबीवरून येतो. किल्ली म्हणजे शून्य आणि एकची रांग, आणि रांगेत एक घर वाढलं की शक्यता दुप्पट होतात. एईएसच्या आधी डीईएस नावाची पद्धत चालायची, ५६ बिटांची, म्हणजे रांगेत ५६ घरं असलेली. तिच्या शक्य किल्ल्या ७२ वर १५ शून्यं इतक्या. ऐकायला अफाट वाटतं, पण १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक खास यंत्र बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. २५६ बिटांच्या एईएसच्या किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. तिथे एकेक किल्ली लावून बघणं जगातले सगळे संगणक एकत्र जुंपले तरी होणारं नाही. म्हणून शहाणा चोर एन्क्रिप्शन फोडायच्या भानगडीत पडत नाही, तो दुसरीकडून येतो. कुठून, ते पुढे येईलच.

किल्ली पाठवायची कशी?

जुनी अडचण वेगळी होती. मला पुण्याहून टोरांटोला राहणाऱ्या भाचीला गुप्त मजकूर पाठवायचा आहे. मी तो किल्ली लावून बंद केला, पण तिला तो उघडायला तीच किल्ली हवी. ती पाठवायची कशी? ज्या वाटेवर भरवसा नाही म्हणून एवढा खटाटोप, त्याच वाटेने किल्ली पाठवली तर काय उपयोग? शतकानुशतकं यावर उत्तर एकच होतं: आधी प्रत्यक्ष भेटा, नाहीतर विश्वासू माणसाच्या हाती धाडा.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यातून सुटण्याची वाट दाखवली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणली. त्यांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. (ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातल्या लोकांनी हे त्याआधीच शोधलं होतं. पण ते १९९७ पर्यंत गुलदस्त्यातच राहिलं.)

त्यामागची युक्ती शाळेतल्या गणितातली आहे. ५३ गुणिले ६१ किती, हे चौथीतली मुलगी कागदावर करून सांगेल: ३२३३. आता उलट विचारा. ३२३३ हा कुठल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार? इथे एकेका संख्येने भागून बघत बसावं लागतं. चार अंकी संख्येला पाच-दहा मिनिटं लागतील. तिच्या जागी ६१७ अंकी संख्या घेतली तर आजच्या संगणकांना जमणार नाही. गुणाकार सोपा, तो उलगडणं महाकठीण. या विषमतेवर दोन किल्ल्यांची जोडी उभी राहते: गुणाकार जगाला सांगायचा, ती जाहीर किल्ली. तो कुठल्या दोन संख्यांचा हे स्वतःपाशी ठेवायचं, ती खासगी किल्ली. भाचीच्या जाहीर किल्लीने मी मजकूर बंद केला की तो तिच्या खासगी किल्लीनेच उघडतो. बंद केल्यावर तो मलासुद्धा उघडता येत नाही.

हे गणित संथ असल्यामुळे प्रत्यक्षात आख्खा मजकूर त्याने बंद करत नाहीत. मजकुरासाठी एईएसची ताजी किल्ली बनवतात आणि तेवढीच जाहीर किल्लीने गुंडाळून पाठवतात. एक फट मात्र उरते. भाचीची म्हणून जी जाहीर किल्ली मला मिळाली, ती खरंच तिचीच कशावरून? मध्येच कुणी स्वतःची किल्ली तिच्या नावाने खपवली असेल तर गणित कितीही पक्कं असो, मजकूर चोराच्याच हाती पडेल. याला एक साधा उपाय आहे: दुसऱ्या वाटेने, म्हणजे फोनवर आवाज ओळखून किंवा समोरासमोर, दोघांनी किल्लीची खूण ताडून बघायची.

दारूगोळा ठरलेलं सॉफ्टवेअर

हे सगळं १९९१ पर्यंत सरकारं, लष्करं आणि मोठ्या कंपन्यांपुरतं होतं. त्या वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक आलं. संपर्काची साधनं बनवणाऱ्यांनी सरकारला हवा तेव्हा साधा मजकूर काढून देता येईल अशी सोय ठेवावी, असं त्यात म्हटलं होतं. अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेल्या फिल झिमरमन या प्रोग्रामरने धसका घेतला आणि कायदा होण्याआधीच लोकांच्या हाती साधन पोहोचावं म्हणून पीजीपी नावाचा, ईमेल आणि फाइली बंद करणारा प्रोग्राम फुकट वाटून टाकला. विधेयकातलं ते कलम पुढे बारगळलं, पण पीजीपी मात्र बघता बघता देशाबाहेर गेलं.

अमेरिकी निर्यात नियमांत तेव्हा पक्कं एन्क्रिप्शन तोफा-दारूगोळ्याच्या यादीत होतं. ४० बिटांहून मोठी किल्ली म्हणजे शस्त्र. १९९३ मध्ये झिमरमनची फौजदारी चौकशी सुरू झाली. मग त्याच्या बाजूच्यांनी जी शक्कल लढवली तिला तोड नाही. प्रोग्रामचा सगळा कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. सॉफ्टवेअर निर्यात करणं गुन्हा असेल, पण पुस्तक परदेशी पाठवण्यावर बंदी घालणं अमेरिकी राज्यघटनेपुढे टिकणारं नव्हतं. पुढे १९९७ साली युरोपात लोकांनी अशीच छापील पानं स्कॅन करून प्रोग्राम पुन्हा उभा केला. चौकशी मात्र त्याआधीच, जानेवारी १९९६ मध्ये, सरकारने खटला न भरता गुंडाळली होती.

पीजीपीचा पुढे कंपन्यांमध्ये हात-बदल होत राहिला. मुक्त धाटणीचा अवतार जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी लिहिला, त्याचं नाव जीएनयूपीजी. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ ची. जगभरचे पत्रकार, वकील आणि लिनक्सचे सर्व्हर त्याच्यावर विसंबून, आणि हा माणूस घरात बसून तुटपुंज्या कमाईवर एकट्याने ते सांभाळतोय, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. २०१३ च्या सुमाराला ते काम सोडून देण्याच्या बेतात होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची ही अवस्था बातमीत आली आणि देणग्यांचा ओघ लागला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर कबूल केले, लिनक्स फाउंडेशनच्या निधीतून ६०,००० आले.

तो निधी उभा राहण्याचं कारणही सांगायला हवं, कारण ‘कोड उघडा म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य त्यामुळे जरा जपून म्हणावं लागतं. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. निम्म्या जगाच्या वेबसाइट ज्याच्या जोरावर चालायच्या त्या ओपनएसएसएल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती दोन वर्षं बसून होती. कोड सगळ्यांसमोर होता, पण वाचायला पगारी माणसं नव्हती. फुकटाबद्दल शंका घ्यायचीच तर ती इथे घ्यावी. कोड उघडा आहे का, तो बाहेरच्या कुणी तपासला का आणि सांभाळणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे तीन प्रश्न विचारले की बरीच अ‍ॅप्स आपोआप गळतात.

एवढं सांगून झाल्यावर माझा सल्ला ऐकून नवल वाटेल: सुरुवात पीजीपीने करू नका. १९९९ सालीच अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १२ जणांना ९० मिनिटं देऊन ते वापरायला सांगितलं होतं, तर दोन तृतीयांश लोकांना ते धड जमलं नाही. थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्राममध्ये २०२० पासून ते आतच मिळतं, तरी मूळ दुखणी कायम आहेत. ईमेलचा विषय, कुणी कुणाला पाठवला आणि कधी, हे सहसा उघडंच राहतं. खासगी किल्ली एकदा चोरीला गेली की आधीचे साठवलेले सगळे ईमेल वाचता येतात. वकील-पत्रकारांना, सॉफ्टवेअरवर अस्सलपणाची डिजिटल सही करणाऱ्यांना त्याची गरज आहे. घरच्या कामांना फोनवरचं अ‍ॅप बरं.

सिग्नल, व्हॉट्सअ‍ॅप आणि झेरॉक्सचं दुकान

सिग्नल या अ‍ॅपमागची पद्धत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी रचली. तिची खुबी अशी की प्रत्येक संदेशाला नवी किल्ली असते आणि वापरलेली किल्ली लगेच नष्ट होते. आज कुणी तुमच्या फोनमधली किल्ली पळवली तरी वाटेत टिपून ठेवलेले गेल्या महिन्याचे संदेश तिने उघडत नाहीत. हीच पद्धत व्हॉट्सअ‍ॅपने उचलली आणि एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींवर लोकांच्या संदेशांना ती एकदम लागू झाली. आपल्या आजीने ‘सुप्रभात’चं फूल पाठवलं तरी ते याच गणितातून जातं. ज्या गोष्टीसाठी झिमरमनची तीन वर्षं चौकशी चालली, ती आजीच्या फोनमध्ये न सांगता आली.

मग दोन्हींत फरक काय? मजकूर दोन्हीकडे बंद असतो, भोवतालची माहिती मात्र सारखी नसते. तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता हे व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला दिसू शकतं. सिग्नल ते जमवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाकडून त्यांना दोन फोन नंबरांमागच्या खात्यांची माहिती मागणारा आदेश आला, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. टेलिग्राममध्ये तर साधं चॅट या अर्थाने बंदच नसतं. त्यातलं ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ग्रुपला ती सोयच नाही. तरीही ‘टेलिग्राम एकदम सेफ’ म्हणणारे भेटतात.

सिग्नल चालतं देणग्यांवर. व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर घालून त्याची ना-नफा संस्था उभी केली. २०२३ मध्ये संस्थेने खर्च जाहीर केला, त्यात मला गंमत वाटली ती एका रकमेची. नोंदणीच्या वेळी जो ओटीपी येतो, त्या एसएमएसवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते. गणित फुकट आहे, ओटीपी नाही.

सिग्नल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींत किल्लीची खूण ताडायची सोय आहे. संपर्काच्या माहितीत गेलात की ६० अंकी आकडा आणि क्यूआर कोड दिसतो. एकत्र बसलेले असताना एकमेकांचा कोड स्कॅन केला की झालं. आम्हा मराठी माणसांचं दिवाळीला सगळं खानदान जमतं, तेव्हा फराळाच्या ताटावर हे पाच मिनिटांत उरकता येतं. कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

आता चोर दुसरीकडून येतो म्हटलं होतं, ते इथे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात चित्रपट कलाकारांचे जुने व्हॉट्सअ‍ॅप संवाद वाहिन्यांवर झळकू लागले आणि घरोघर चर्चा सुरू झाली की एन्क्रिप्शन म्हणजे थाप. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणणं होतं की संदेश वाटेत कुणी वाचलेले नाहीत. त्यात तथ्य आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शन वाटेवर असतं. फोन हातात आला, उघडला, त्यातली माहिती काढली, तर वाटेवरचं गणित मध्ये येत नाही. शिवाय तेव्हा गूगल ड्राइव्हवर जाणारा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप अशा प्रकारे बंद नसायचाच. तोही किल्ली लावून कुलूपबंद करायची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, पण अनेकांनी तिकडे फिरकूनही पाहिलेलं नाही. आत्ता सेटिंग्ज उघडा, ‘चॅट्स’मध्ये ‘चॅट बॅकअप’ बघा. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’, म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता न येणारा बॅकअप, ‘ऑफ’ दिसला तर सुरू करा. या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

आणि झेरॉक्सचं दुकान. प्रिंट हवी म्हणून आपण आधार, पॅन, बँकेचं पासबुक दुकानदाराच्या नंबरवर पाठवतो. फाइल वाटेत अगदी सुरक्षित असते, वादच नाही. पोहोचल्यावर ती दुकानाच्या संगणकात, शेकडो लोकांच्या आधारांसोबत, ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. तिथे कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्या मदतीला येत नाही. शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार तेवढं पाठवता येतं.

त्याहून वरचा हल्ला म्हणजे फोनच बाधित करणं. पेगासस या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरने २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या सुमारे १,४०० वापरकर्त्यांना लक्ष्य केलं, त्यांत भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. फोनच्या पडद्यावर जे तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं. यावर एन्क्रिप्शन हा उपाय नव्हेच. अपडेट वेळच्या वेळी करणं एवढंच आपल्या हाती असतं.

लॅपटॉपमधल्या फाइली

लॅपटॉप दुरुस्तीला दिला, चोरीला गेला किंवा जुनी हार्ड डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकली, तर विंडोजचा लॉगिन पासवर्ड काही कामाचा नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की आतलं सगळं दिसतं. आयफोन आणि अलीकडचे अँड्रॉइड फोन मुळातच एन्क्रिप्ट झालेले असतात, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट सुरू करता येतं, विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर मिळतं. विंडोज होम असेल किंवा पेनड्राइव्ह बंद करायचा असेल, तर व्हेराक्रिप्ट.

व्हेराक्रिप्ट एक फाइल बनवतं, समजा १० जीबीची. पासवर्ड घालून उघडली की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, तिच्यात हवं ते ठेवा, काम झाल्यावर बंद करा. बाहेरून बघणाऱ्याला ती निरर्थक कचऱ्याची फाइल वाटते. तुमचा पासवर्ड ते लगेच किल्ली म्हणून वापरत नाही. आधी तो गणिताच्या चरकातून लाखो वेळा फिरवतं, त्यामुळे भराभर पासवर्ड लावून बघणाऱ्याचा वेग घसरतो.

याचा इतिहास जरा गूढ आहे. याचा पूर्वज ट्रूक्रिप्ट २००४ पासून होता, लिहिणारे निनावी. २८ मे २०१४ रोजी त्यांच्या साइटवर अचानक सूचना झळकली की हे वापरणं सुरक्षित नाही, बिटलॉकर वापरा. आणि सगळं बंद. कारण आजतागायत कळलेलं नाही. लोकवर्गणीतून त्याच्या कोडची तपासणी आधीच सुरू झालेली होती, ती २०१५ मध्ये पूर्ण झाली. चोरवाट सापडली नाही, काही चुका सापडल्या. मुनीर इद्रासी यांनी त्याच कोडवरून व्हेराक्रिप्ट पुढे नेलं. २०१६ मध्ये त्याचीही बाहेरून तपासणी झाली, गंभीर चुका निघाल्या आणि बऱ्याचशा पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाल्या. चुका निघाल्याच्या बातमीने घाबरू नये. ज्याच्या चुका कधीच निघत नाहीत ते बहुधा कुणी तपासलेलंच नसतं.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर ठेवायच्या फाइलींना व्हेराक्रिप्ट गैरसोयीचं पडतं, कारण सगळं एका बोजड फाइलमध्ये असतं. तिथे क्रिप्टोमेटर बरं. हे जर्मन सॉफ्टवेअर एकेक फाइल, तिच्या नावासकट, बंद करून मगच ढगात चढवतं. फाइली किती आणि साधारण केवढ्या, एवढं मात्र दिसतं. डेस्कटॉपवर ते मोफत आहे, फोनवर पूर्ण सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. एखाद-दुसरी फाइल सीएला पाठवायची तर ७-झिप पुरे. त्यात ७झेड प्रकार निवडा आणि फाइलींची नावंही बंद करण्याच्या चौकटीवर खूण करा. झिप प्रकारच निवडला तर पद्धत एईएस-२५६ करून घ्या, कारण आधीपासून ठेवलेली जुनी पद्धत कमकुवत आहे. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

ही सॉफ्टवेअर उतरवतानाही डोळे उघडे हवेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलवर किपास हे पासवर्ड सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांना सगळ्यात वर एक जाहिरात दिसायची. तिच्यावरून उघडणाऱ्या पत्त्यातल्या पहिल्या अक्षराखाली एक बारीकशी खूण होती, बाकी सगळं हुबेहूब. आत व्हायरस. जाहिरातीवर कधी क्लिक करू नका.

पासवर्ड

७८ अंकी शक्यतांचं सगळं वैभव शेवटी एका पासवर्डवर टांगलेलं असतं. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड आठवा: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला शंभर प्रयत्नही लागत नाहीत. सोय म्हणून ठीक, सुरक्षा म्हणून शून्य. ‘गणपती@१२३’ किंवा गडाचं नाव आणि राज्याभिषेकाचं साल, हेही त्याच माळेतले.

चांगली युक्ती १९९५ पासून प्रसिद्ध आहे: ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच वेळा फासा टाकून एक शब्द काढायचा. असे सहा शब्द. शक्यता होतात सुमारे २२ वर २२ शून्यं, आणि यादी चोराकडे असली तरी हा हिशोब बदलत नाही. केरकॉफचाच नियम. यादी नसेल तर जाडजूड मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. ‘उंबरा कापूस तेरडा घागर विळी मोहोर’ असं काहीतरी निघेल, ते रोमन अक्षरांत टाइप करा. (हेच वापरू नका, आता ते छापलं गेलं.) मनाला सुचतील ते शब्द मात्र घेऊ नका. सुचणारे शब्द सगळ्यांना तेच सुचतात. अभंगाची ओळ तर नकोच.

असा एकच पासवर्ड पाठ करायचा, बाकी शेकडो पासवर्ड किपासएक्ससी किंवा बिटवॉर्डनच्या हवाली करायचे. दोन्ही मोफत, दोन्हींचा कोड उघडा. पहिलं तुमच्याच संगणकावर फाइल ठेवतं, दुसरं फोन आणि संगणकात आपसूक मेळ राखतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरं सोपं जातं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात सामान्य माणसाने एन्क्रिप्शन वापरणं गुन्हा नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकार उलगडून द्यायचा आदेश काढू शकतं आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये तर असा मसुदा आला होता की नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या संदेशाची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी. इतका गदारोळ झाला की एक-दोन दिवसांत तो मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांत संदेश मुळात कुणी पाठवला ते शोधून द्यायची अट आली, तिच्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही देशातून जाऊ.

एक गोष्ट सुरू करण्याआधीच ठरवा. बँकेचा पासवर्ड विसरला तर शाखेत जाता येतं. व्हेराक्रिप्टचा विसरला तर जाण्यासारखी जागाच नाही. ‘फरगॉट पासवर्ड’चं बटण नाही, ते असतं तर चोरानेही दाबलं असतं. माणूस अचानक गेला तर विम्याची कागदपत्रं, फोटो, हिशोब सगळं घरच्यांसाठीही कायमचं बंद. म्हणून मुख्य पासवर्ड कागदावर शाईने लिहा, कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठली फाइल तेही खाली लिहा, आणि तो कागद सातबारा आणि खरेदीखत ठेवता त्याच लॉकरमध्ये ठेवा. लॉकरला बायकोचं किंवा मुलाचं नाव लागलेलं आहे ना, हे बघून घ्या. आणि पाकीट बंद करण्याआधी घरातल्याच कुणाला तरी तो कागद देऊन, तुम्ही काही न सांगता, फाइल उघडायला लावा.